शेहेचाळिसाव्या वर्षी योग, पन्नाशीनंतर 'मॅडम': तुमच्यापैकी आहे का कुणी?

बालाघाटची सून

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसतं वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी अंबाजोगाईची. योगेश्वरीच्या गावात राहून योगाशी गाठ पडायला शेहेचाळीस वर्षं लागली हा विनोद आमच्या घरी करून झालेला आहे, कुणी परत करू नका.

२०१६ चा उन्हाळा आठवत असेल. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं ते साल. आमच्या गावाला रेल्वेच नाही, त्यामुळं टँकर. तो आला की घरातलं चमचे सोडून सगळं भरून ठेवायचं. मी एका पतसंस्थेत काउंटरवर होते, दिवसभर खुर्ची आणि घरी आलं की हंडे. एका सकाळी हंडा उचलायला वाकले ती वाकलेलीच राहिले. कंबर धरली. नवरा आणि शेजारचं पोरगं, दोघांनी उचलून बाजेवर टाकलं. आठ दिवस गोळ्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले, आता पडून राहू नका, काहीतरी व्यायाम धरा.

गल्लीच्या टोकाला मारुतीच्या देवळात, सभामंडपात, एक रिटायर झालेले एसटी कंडक्टर पहाटे साडेपाचला योग घ्यायचे. सगळे त्यांना काका म्हणत. त्यांचीही कंबर एसटीनंच घालवलेली. शिकवणं असं: "पुढं सरका, मागच्याला जागा करा. हात वर. थांबा. उतरा." उतरा म्हणजे हात खाली. पाच-सहा बाप्ये, दोन बाया, मी तिसरी. पहिले आठ दिवस पंजाबी ड्रेसवर देवळात जायची लाज वाटली, मग कंबरदुखीपुढं लाज टिकली नाही.

पहिला महिना मी पाठीवर पडून एक गुडघा पोटाशी घ्यायचा, मग दुसरा, आणि मकरासन, एवढंच केलं. बाकीचे सूर्यनमस्कार घालायचे, मी आपली पालथी पडलेली. काकांनी एकदाही घाई केली नाही. पावसाळ्यात कळशी उचलायला लागले. हंडा अजूनही उचलत नाही.

२०१९ च्या दिवाळीनंतर काका मुलाकडं पुण्याला गेले. जाताना सभामंडपाच्या जाळीची चावी माझ्याकडं दिली. "तुम्ही रोज टायमावर येता," एवढंच कारण. मला वाटलं चावी सांभाळायचीय. दुसऱ्या दिवशी जाळी उघडली, सतरंजी टाकली आणि वर बघते तर सगळे माझ्याकडं तोंड करून बसलेले.

आता जे सांगण्यासाठी धागा काढला ते. दोन महिन्यांनी, जानेवारीत, पश्चिमोत्तानासन चाललं होतं, म्हणजे पाय लांब करून बसायचं आणि पुढं वाकायचं. एक बाई, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या, शाळेतून निवृत्त. त्यांचं कपाळ गुडघ्यापासून दोन विती लांब. मी मागं गेले, पाठीवर दोन्ही तळवे ठेवले आणि दाबलं. हळूच. "अजून थोडं, येतंय, येतंय." त्या काही बोलल्या नाहीत. शाळेत जन्म गेलेली बाई, शिकवणाऱ्याला मधे कशी अडवणार? दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी घरी गेले तर कमरेला पट्टा, आणि डाव्या पायात पोटरीपर्यंत कळ. मला बघून म्हणाल्या, "या, चहा ठेवायला सांगते." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. तीन आठवडे अंथरुणात होत्या. पुन्हा वर्गाला आल्या नाहीत. मंडईत भेटल्या की हसून बोलतात, आणि मी त्यांच्या चालण्याकडं बघत राहते.

मग लॉकडाऊन लागला. २०२२ ला योगशिक्षकाच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. वर्ग लातूरला, शनिवार-रविवार. २०२३ च्या मार्चमध्ये एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तोवर माझा निम्मा कोर्स पूर्ण तिकिटात झालेला! वर्गातली बाकीची पोरं पंचविशीची, हनुमानासनात, म्हणजे एक पाय पुढं एक मागं पसरून, घसरगुंडीवरून उतरावं तशी खाली जाणारी. मी भिंतीला धरून. पुढं आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची पहिली पातळी झाले. अभ्यास करताना कळलं की पतंजलींनी आसनावर तीनच सूत्रं लिहिलीत आणि त्यातलं पहिलं 'स्थिरसुखमासनम्', म्हणजे स्थिर आणि सुखाचं ते आसन. कपाळ गुडघ्याला लावा असं त्यात कुठंच नाही. हे जानेवारी २०२० ला माहीत असतं तर.

आता पहाटे देवळात आणि आठवड्यातून दोनदा जवळच्या एका खेड्यात वर्ग घेते. उशिरा सुरू करून शिकवायला लागलेलं कुणी आहे का इथं? तुमच्या हातून काय चुकलं? पैसे घेता का?

मूळचा लातूरकर

'उतरा'वर फुटलो. आता शवासनात कंडक्टरची डबल बेल ऐकू येणार.

मी पुण्यात पंधरा वर्षं, बायको अय्यंगार पद्धतीच्या वर्गाला जाते. ती पद्धत काढणारे योगगुरू बी. के. एस. अय्यंगार, त्यांची स्वतःची गोष्ट तुमच्यासारखीच आजारातून सुरू झालेली. लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय सगळं होऊन गेलेलं. १९३७ ला पुण्यात आले तेव्हा विशीसुद्धा नव्हती. म्हणून तर खुर्ची, पट्टे, दोऱ्या, लोड ही सगळी सामग्री आली: शरीर आसनापर्यंत जात नसेल तर आसन शरीरापर्यंत आणायचं. तुम्हीही थोडं साहित्य घ्या. पुण्यात चांगलं मिळतं, सांगितलंत तर पाठवतो.

बालाघाटची सून

@मूळचा लातूरकर, आभार, पण माझं साहित्य गावातच मिळालं. पट्ट्याऐवजी जुन्या बाजेची नवार. ठोकळ्याऐवजी वीट, वर पायमोजा चढवलेला. देवळातला भजनी मंडळाचा लोड. प्लॅस्टिकच्या चार खुर्च्या मंडपवाल्यानं दिल्यात, एकीचा पाय तुटका आहे, ती माझी.

तिरकस

धागा छान. पण एक विचारू? हल्ली दोनशे तासांचा कोर्स केला की कुणीही योगगुरू. एकवीस जूनला हार, फोटो, बावीसला सगळं गुंडाळलं. ही प्रमाणपत्रं म्हणजे नक्की काय, आणि त्याविना शिकवणाऱ्याला कुणी विचारतं का?

गोदातीर

@तिरकस, कुणी विचारत नाही हे खरं. शिकवायला कायद्यानं परवाना लागत नाही. जाहिरातीत 'दोनशे तास' दिसतं ते बहुतेक वेळा योगा अलायन्स या अमेरिकन संस्थेच्या नोंदणीचं असतं, त्याला आपल्या सरकारशी देणंघेणं नाही. योग प्रमाणन मंडळ वेगळं. त्यात प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर, वेलनेस इन्स्ट्रक्टर, टीचर अँड इव्हॅल्युएटर अशा चढत्या पातळ्या, लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्ही. पहिल्या पातळीत मुख्यतः तेच असतं जे योगदिनाला देशभर करतात: चालनक्रियांपासून ध्यानापर्यंत पंचेचाळीस मिनिटांचा क्रम.

आणि योगाला तपासून बघायचं खूळ नवीन नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ ला लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं. उड्डियान (पोट आत ओढणं) आणि नौली (पोटाचे स्नायू घुसळणं) करताना पोटात नेमकं काय होतं ते ते क्ष-किरण काढून आणि आतला दाब मोजून बघत होते, आणि 'योग मीमांसा'त छापत होते. शंभर वर्षं झाली त्याला.

मी स्वतः पन्नासाव्या वर्षी सुरू केलं, बावन्नला शिकवायला लागलो. परभणीत. माझी चूक: पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना कपालभाती. एकाला भोवळ आली, बीपीचा माणूस, त्यानं सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. आता वहीत लिहून घेतो. बीपी असेल तर जोराची कपालभाती नाही, श्वास कोंडणं नाही. काचबिंदू असेल तर डोकं खाली अजिबात नाही. 'डोळ्याचं काही?' हा प्रश्न लोकांना विचित्र वाटतो, तरी विचारतो.

चौथा मणका

मी फिजिओथेरपिस्ट, नांदेड. बालाघाटताई, त्या बाईंचं सांगितलंत म्हणून लिहिते, कारण असे रुग्ण माझ्याकडं येतात आणि शिकवणाऱ्याचं नाव सांगत नाहीत, "माझंच चुकलं" म्हणतात.

पुढं वाकायचं असतं खुब्यातून. मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असले की ओटीपोटाची हाडं पुढं कलतच नाहीत, मग सगळा वाक कमरेच्या मणक्यांत येतो. पाठ गोल होते, दोन मणक्यांमधल्या चकतीवर पुढून दाब पडतो, आतला गर मागं सरकतो. मागं नस असते. पोटरीपर्यंत गेलेली कळ ती हीच. त्यात वरून दाबलं की झालं.

दुसरं. पाळी गेल्यावर बायकांची हाडं भराभर विरळ होतात. हाडं ठिसूळ झालेल्या बाईला पाठ गोल करून वाकवलं तर मणकाच दबू शकतो, बाहेरून काही दिसत नाही, नुसती उंची कमी होत जाते. अशांना उलट पाठीचे स्नायू उचलणारं काम द्या: हलकं भुजंगासन, शलभासनात एकेक पाय. पश्चिमोत्तानासन द्यायचंच असेल तर बुडाखाली कांबळ्याची जाड घडी, गुडघे वाकवलेले, पाठ लांब, आणि कपाळ गेलं तिथं. हात लावायचा नाही.

बालाघाटची सून

@चौथा मणका, ताई, दोनदा वाचलं. कांबळ्याची घडी मी देते, पण पाठ गोल करणं दुखलं तरच वाईट, असं मला वाटत होतं. उद्या वर्गात तीन जणी आहेत साठीच्या पुढच्या, त्यांचा क्रम बदलते.

खरीप रब्बी

आमी हिंगोली जिल्ह्यातले, हळदीवाले. राग मानू नका ताई, पण रानात राबणाऱ्या बाईला योग कामून पाहिजे? आमची माय अडुसष्ट वर्षाची, आजबी उकिडवं बसून तासभर निंदते. तुमच्या त्या पंचविशीच्या पोरायला बसून दाखवा म्हणावं.

बालाघाटची सून

@खरीप रब्बी, राग कशाचा, हेच तर मला खेड्यातल्या वर्गानं शिकवलं.

पहिल्या दिवशी मी तिथं मलासन, म्हणजे उकिडवं बसणं, शिकवायला गेले. मी ते तीन वर्षं घासून मिळवलेलं. बाया टाचा टेकवून फतकन बसल्या आणि माझ्याकडं बघायला लागल्या, आता पुढं काय? निम्म्या गप्पा मारायला लागल्या. मग मी म्हटलं, हात कानाला लावून सरळ वर घ्या. एकीचाही हात कानापर्यंत जाईना. जन्मभर खुरपणी, वेचणी, डोक्यावर भारे. खुबे लोण्यासारखे, पण खांदे पुढं येऊन तिथंच थिजलेले, मान मधे रुतलेली. म्हणून तिथं मी मलासन घेतच नाही. भिंतीला पाठ लावून हात वर सरकवायचे, लोडावर पाठ टाकून छाती उघडायची, मान सैल सोडायची. आणि देवळातल्या वर्गात बरोबर उलटं, तिथं शिक्षिका, क्लार्क, दुकानदारणी, त्यांचे खांदे बरे पण जमिनीवर बसता येत नाही.

श्वासावर मात्र तिथं माझी फजिती झाली. "श्वास घ्या, श्वास सोडा" म्हटल्यावर एक मावशी म्हणाल्या, "बाई, ह्ये शिकायचं कामून? आमी जित्याच हाव की." आता सांगते, चुलीत फुंकर मारता ना, तशी सोडा, पण विस्तव विझू न देता. सगळ्यांचा श्वास सोडणं आपोआप लांबलं.

आणि शवासन! नाव ऐकून दोघी उठूनच बसल्या. जित्या माणसानं मड्यासारखं कशाला पडायचं? तेव्हापासून त्याचं नाव 'निवांत'. पवनमुक्तासनाचं जे नाव त्यांनी ठेवलंय ते इथं लिहीत नाही. पहिल्यांदा निवांत घेतलं तेव्हा पाच मिनिटांत चौघी घोरायला लागल्या. रात्रीची लाईट असते, नवरा मोटर चालू करायला उठला की हिची झोप मोडते, पहाटे चारला परत दूध. मी त्यांना उठवलं नाही. तासाचा वर्ग पावणेदोन तास चालला.

अबोली

हाहा, 'निवांत' उचलते आहे. वय ४८, झोप नाही, मधेच अंगातून वाफा येतात, चिडचिड. योगानं हे जातं का?

बालाघाटची सून

@अबोली, जातं म्हणणार नाही. मला वाफा त्रेपन्नाव्या वर्षापर्यंत येत होत्या, वर्ग घेताना सुद्धा. झोप सुधारली ती रात्री भिंतीला पाय लावून दहा मिनिटं पडायला लागल्यापासून. पण शुगर, बीपी, थायरॉईडच्या गोळ्या योगामुळं बंद करणारे लोक मी पाहिलेत आणि त्यांच्याकडं बघून मला भीती वाटते. तुम्ही एकदा बाईंच्या डॉक्टरला दाखवा, बाजूनं हे करा.

हिमरू

मी छत्रपती संभाजीनगरची. आमची अम्मी गुडघ्यांसाठी शेजारच्या वर्गाला जायची. सुरुवातीला सगळे ॐ म्हणायचे तेव्हा ती खाली बघत बसायची, तिला कुणी काही म्हटलं नाही, पण तिलाच ते अवघड व्हायचं. हळूहळू जाणं बंद. तुमच्याकडं अशा बायका येतात का?

बालाघाटची सून

@हिमरू, येतात. देवळात नाही येत, खेड्यातला वर्ग शाळेच्या वऱ्हांड्यात आहे, तिथं दोघी येतात. तिथं सुरुवात मी भ्रामरीनं करते. ओठ मिटून गुणगुण, कुणी मनात काय म्हणतंय ते ज्याचं त्याला ठाऊक. खरं सांगायचं तर हे माझं डोकं नाही, त्यांच्यातलीच एक म्हणाली, "मॅडम, ते भुंग्यावालं आधी घ्या ना, ते बरं वाटतं." अम्मीचे गुडघे कसे आहेत आता?

हिमरू

नमाज खुर्चीवर पढते. भुंग्याचं सांगते तिला.

तिरकस

पैशाचं उत्तर राहिलंच. माझं मत, योग विकायचा नसतो. काका फुकट शिकवत होते ना?

बालाघाटची सून

काकांना पेन्शन होती. मी २०२१ ला नोकरी सोडली. देवळातल्या वर्गाचे महिना तीनशे घेते, त्यातून मंडपाचं लाईटबिल आणि माझा खेड्याचा प्रवास निघतो. खेड्यात घेत नाही. तिथं कुणी मटकी, कुणी ताजी ज्वारी देतं, हुरड्याच्या दिवसांत तर मी योग शिकवायला जाते की हुरडा खायला असा प्रश्न पडतो. पैसे मागताना पहिल्या महिन्यात माझीच जीभ अडखळत होती. एकजण म्हणाले, "देवळात बसून पैसे?" मी म्हटलं, पुजारीही घेतात. नंतर दोन दिवस वाईट वाटत राहिलं, पण फी तीच ठेवली.

गोदातीर

+१. फुकट असलं की लोक पावसाचं निमित्त काढतात.

खरीप रब्बी

फुकट असूनबी तुमच्या खेड्यातल्या बाया येतात की वो गोदातीर.

ताई, मगाचं वाचून मायला हात वर करायला लावले. कानापर्यंत गेले नाहीत. "लई वर्षं झाली वर काय धरलंच नाही" म्हणाली. काय द्यावं तिला? आमच्याकडं वर्ग नाही जवळ.

बालाघाटची सून

व्हिडिओ बघून काही देऊ नका एवढ्यात. आधी मी काय करते ते सांगते. पहिली पाच मिनिटं मी काहीच शिकवत नाही, जाळीपाशी उभी राहून बाया चपला काढताना बघते. कोण एका पायावर उभी राहून काढते, कोण भिंत धरते, कुठल्या हातानं धरते, कोण पायरीवर बसून काढते आणि उठताना कशाला हात टेकते. ज्या बाईनं काल भिंत धरली नव्हती आणि आज धरली, तिला आज वृक्षासन नाही. त्या निवृत्त बाई पायरीवर बसून चपला काढायच्या, रोज, दोन महिने. माझ्या समोर. मी सतरंज्या मोजत होते.

तुम्ही दोन दिवस मायकडं बघा. मग सांगा.

खरीप रब्बी

आज पाहिलं. भिंत धरली. डाव्या हातानं. मग माझ्यावरच खेकसली, "बगायलास काय?"

बालाघाटची सून

चप्पल कुठल्या पायाची आधी काढली?

खरीप रब्बी

उद्या बघतो.